पाण्याची पेटी : पिण्याच्या पाण्यातील विषारी घटकांची जागेवरच तपासणी

आमच्या बाह्यरुग्ण विभागात रुग्णांचे नातेवाईक कधीकधी पाण्याची बाटली सोबत घेऊन येतात. बहुधा ती थंड पेयाची रिकामी बाटली असते, आत गावच्या हातपंपाचे किंवा विंधन विहिरीचे पाणी असते, आणि प्रश्न एकच असतो : "डॉक्टरसाहेब, हे पाणी चांगले आहे का?" बाटली उजेडात धरली तर पाणी काचेसारखे स्वच्छ दिसते. वास नाही, गाळ नाही. या प्रश्नाचे उत्तर डोळ्यांनी देता येत नाही, जिभेने तर त्याहून नाही. ते कसे द्यावे, किती खात्रीने द्यावे आणि दिल्यानंतर पुढे काय करावे, याविषयी आमचे सन्माननीय विश्वस्त, देणगीदार आणि रुग्णांचे कुटुंबीय यांना सविस्तर माहिती व्हावी, या हेतूने हा अभ्यासलेख यंदाच्या अहवालात समाविष्ट करीत आहोत.

पाण्याविषयी आपल्या ग्रामीण समाजाची पारख फार जुनी आहे. मचूळ पाणी, खारे पाणी, जड पाणी, गढूळ पाणी असे शब्द भाषेतच आहेत. लोहयुक्त पाण्याने भात तांबूस होतो, धुतलेल्या धोतराला पिवळट झाक येते; अशा पाण्याकडे बाया फिरकत नाहीत. ही पारख चुकीची नव्हे. परंतु ज्या घटकांचा विचार येथे करावयाचा आहे, ते फ्लोराइड, आर्सेनिक आणि नायट्रेट, ते या पारखीच्या जाळ्यातून अलगद निसटतात. त्यांना रंग नाही, गंध नाही, आणि ज्या प्रमाणात ते अपाय करतात त्या प्रमाणात चवही नाही. फ्लोराइडची गोष्ट तर अधिकच विपरीत आहे. भूगर्भातील पाण्यात कॅल्शियम भरपूर असेल तर फ्लोराइड त्याच्याशी बांधले जाऊन खाली बसते. कॅल्शियम कमी असेल तर ते पाण्यात विरघळलेले राहते. म्हणजेच जास्त फ्लोराइडचे पाणी अनेकदा मृदू असते. त्यात डाळ लवकर शिजते, साबणाला फेस येतो, चवीला ते 'गोड' लागते. गावकऱ्यांनी ज्या बोअरची सर्वाधिक वाखाणणी करावी, नेमके त्याच बोअरमध्ये दोष असावा, असे घडू शकते.

हाडांत साठणारे पाणी

भारतात फ्लोराइडच्या आजाराची पहिली शास्त्रीय नोंद १९३७ साली, तत्कालीन मद्रास इलाख्यातील नेल्लोर जिल्ह्यातून झाली. शॉर्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तेथील शेतकऱ्यांचे ताठलेले कणे पाहून पाण्याकडे बोट दाखविले. महाराष्ट्रात यवतमाळ, चंद्रपूर, नांदेड आदी जिल्ह्यांतील अनेक गावांच्या भूजलात फ्लोराइड मर्यादेपेक्षा अधिक आढळले आहे. हे विष कोणी कारखान्याने सोडलेले नाही. ग्रॅनाइट व तत्सम खडकांतील खनिजांतून ते हजारो वर्षे पाण्यात झिरपत आहे. पाणी खडकाशी जितका काळ सलगी करील तितके ते अधिक मुरते.

येथे एक ऐतिहासिक बाब नमूद करणे अगत्याचे वाटते. १९७२ च्या दुष्काळाने महाराष्ट्राच्या विहिरी व आड कोरडे पडले आणि कठीण खडकात खोलवर छिद्र पाडणाऱ्या यंत्रांचे युग आले. पुढे देशभर पोहोचलेल्या 'इंडिया मार्क टू' हातपंपाचे पूर्वज आपल्याच भूमीतले आहेत. 'जालना पंप' आणि 'सोलापूर पंप' ही त्यांची नावेच ते सांगतात. या हातपंपांनी असंख्य मुलांना अतिसारापासून वाचविले, हे निर्विवाद आहे. उघड्या विहिरीतील जंतू विंधन विहिरीत नसतात. मात्र दोनशे-तीनशे फूट खोलीवरचे पाणी हे खडकाच्या सहवासात दीर्घकाळ राहिलेले पाणी असते. एका संकटावरचा उपाय काही गावांत दुसऱ्या संकटाचे कारण ठरला. त्या काळी पाणी जंतुमुक्त आहे की नाही एवढेच पाहिले जाई, आणि तेव्हाची निकड ध्यानी घेता ते स्वाभाविकही होते.

भारतीय मानक ब्यूरोच्या पिण्याच्या पाण्याच्या मानकानुसार फ्लोराइडची स्वीकारार्ह मर्यादा लिटरमागे १ मिलिग्रॅम असून, दुसरा स्रोत उपलब्ध नसल्यास दीड मिलिग्रॅमपर्यंत मुभा आहे. याहून अधिक प्रमाण वर्षानुवर्षे पोटात गेल्यास प्रथम दातांवर खडूसारखे पांढरे, मग पिवळे-तपकिरी पट्टे उमटतात. कायमचे दात हिरडीच्या आत घडत असतानाच हा दोष शिरतो. म्हणून साधारण आठ वर्षांपर्यंतचे वय निर्णायक असते. त्यानंतर पाणी बदलले तरी ते पट्टे जात नाहीत. पुढची पायरी हाडांची. मान, कंबर, गुडघे दुखू लागतात. रुग्ण वातावरची औषधे घेत राहतो. अखेरीस कणा ताठतो आणि मागे वळून पाहण्यासाठी सारे अंग वळवावे लागते. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेतील संशोधकांनी १९७३ मध्ये फ्लोराइडग्रस्त भागातील मुलांच्या गुडघ्यांत येणाऱ्या फेंगडेपणाचे वर्णन केले.

हाडांत साठलेले फ्लोराइड काढून टाकणारे औषध आमच्याकडे नाही. ते कोणाकडेच नाही. वेदनाशामक देता येते, कॅल्शियम व क जीवनसत्त्वयुक्त आहाराने शोषण काहीसे रोखता येते, वाकलेल्या हाडावर शस्त्रक्रिया करता येते. खरा उपचार मात्र आजार होण्यापूर्वी आणि रुग्णालयाच्या बाहेर करावा लागतो. तो उपचार म्हणजे पाणी ओळखणे. एका हातपंपावर पंचवीस-तीस कुटुंबे पाणी भरत असतील, तर त्या पंपाची वेळेवर झालेली एक तपासणी ही पन्नासएक बालकांच्या दातांची आणि हाडांची राखण असते. पेटीवरील खर्चाचे समर्थन आम्ही याच हिशेबाने करतो.

पेटीत काय असते

क्षेत्रीय तपासणी संच, ज्याला सर्वजण 'किट' किंवा नुसती 'पेटी' म्हणतात, ही दिसायला शाळकरी मुलाच्या डब्याहून फारशी मोठी नसते. आत लहान परीक्षानळ्या, थेंब टाकण्याच्या बाटल्या, पुड्या आणि एक रंगतक्ता. फ्लोराइडच्या तपासणीचे तत्त्व सुरेख आहे. झिर्कोनियम हा धातू आणि अलिझरिन हा रंग यांची जोडी जमली की गुलाबी-लालसर रंग तयार होतो. फ्लोराइडला झिर्कोनियमचे आकर्षण रंगापेक्षा अधिक. ते आले की झिर्कोनियमला आपल्याकडे ओढून घेते, जोडी फुटते, आणि मोकळा झालेला अलिझरिन आम्लात पिवळा दिसतो. नळीतील पाणी गुलाबी राहिले तर फ्लोराइड नाही अथवा अत्यल्प. पिवळेपणाकडे जितके झुकेल तितके ते अधिक. मग नळी रंगतक्त्याशेजारी धरून जवळात जवळचा रंग शोधावयाचा.

वर्णन सोपे आहे. हात मात्र शिकावा लागतो. हातपंप काही मिनिटे चालवून पाइपातील साचलेले पाणी जाऊ द्यावे. बाटली त्याच पाण्याने तीनदा विसळावी. फ्लोराइडचा नमुना काचेत न घेता प्लॅस्टिकच्या स्वच्छ बाटलीत घ्यावा, कारण ते काचेशी अभिक्रिया करू शकते. (थंड पेयाच्या बाटलीत आणलेला नमुना आम्ही या कारणास्तव नाकारीत नाही, परंतु तीत साखर वा पेयाचा अंश उरला असेल तर तो निरुपयोगी होतो, म्हणून नवी बाटली देऊन पुन्हा आणण्यास सांगतो.) बाटलीवर गाव, स्रोत, तारीख आणि नमुना घेणाऱ्याचे नाव तेथेच लिहावे, घरी जाऊन लिहू म्हणणाऱ्याच्या दोन बाटल्यांची अदलाबदल ठरलेली. रंग पाहावयाचा तो दिवसाच्या उजेडात, पण थेट उन्हात नव्हे, आणि मागे पांढरा कागद धरून. पिवळ्या दिव्याखाली रात्री वाचलेला निकाल आम्ही ग्राह्य धरीत नाही. रंगांधळेपणा पुरुषांत स्त्रियांपेक्षा बराच अधिक आढळतो आणि ज्याला तो असतो त्याला बहुधा ठाऊक नसतो. यास्तव तपासणीस बसणाऱ्या प्रत्येकाची दृष्टी आधी तपासणे हे अनाठायी नाही.

रसायनांनाही स्वतःचे वय असते. विदर्भातील मे महिन्यात बंद जीपमध्ये किंवा पत्र्याच्या खोलीत ठेवलेली बाटली तिच्यावरच्या मुदतीच्या बऱ्याच आधी निकामी होऊ शकते. म्हणून दर सत्राच्या आरंभी दोन परीक्षा घ्याव्या लागतात : एक ऊर्ध्वपातित पाण्याची, जिचे उत्तर शून्य यावयास हवे, आणि दुसरी प्रयोगशाळेने दिलेल्या ज्ञात प्रमाणाच्या पाण्याची. या दोन्ही बरोबर आल्या तरच गावचे पाणी हाती घ्यावे. यात जेमतेम काही मिनिटे जातात, आणि नेमकी हीच पायरी घाईत गाळली जाते.

दोन फसव्या गोष्टी विशेष सांगण्याजोग्या आहेत. पाण्यात नुकतीच टी.सी.एल. पावडर टाकली असेल तर क्लोरीन रंग उडवितो आणि निरोगी पाणीही सदोष भासते. याउलट पाण्यात ॲल्युमिनियम असेल तर ते फ्लोराइडला स्वतःशी बांधून लपविते आणि प्रमाण प्रत्यक्षाहून कमी दिसते. ही दुसरी चूक अधिक धोक्याची. नागपूरच्या राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्थेने, म्हणजे 'नीरी'ने, १९७० च्या दशकात विकसित केलेल्या 'नलगोंडा' पद्धतीत तुरटी आणि चुना वापरून फ्लोराइड खाली बसवितात. तुरटी म्हणजे ॲल्युमिनियमच. तेव्हा शुद्धीकरण केलेल्या पाण्याची तपासणी केवळ पेटीवर भागवून 'आता पाणी उत्तम झाले' असे जाहीर करणे योग्य नव्हे. अशा पाण्याचा नमुना प्रयोगशाळेत पाठवून तेथे विद्युताग्राने मोजून घ्यावा. तेथे ॲल्युमिनियमची पकड सोडविणारे द्रावण आधी मिसळतात.

बंगालने शिकविलेले

पेटीवर किती विश्वास ठेवावा, या प्रश्नाचे सर्वांत मोठे प्रात्यक्षिक आर्सेनिकच्या निमित्ताने पश्चिम बंगाल आणि बांगलादेशात झाले. तेथील त्रिभुज प्रदेशाच्या गाळातील लोहसंयुगांना चिकटलेले आर्सेनिक, सेंद्रिय द्रव्य कुजून प्राणवायू संपला की सुटून पाण्यात उतरते. अतिसार व पटकीपासून बचावासाठी लाखो उथळ नलिकाकूप खोदले गेले आणि त्यांच्याच तोंडून हे विष वर आले. कोलकात्याच्या उष्णकटिबंधीय वैद्यक संस्थेतील त्वचारोगतज्ज्ञ डॉ. के. सी. साहा यांनी १९८३ च्या सुमारास अंगावर पावसाच्या थेंबांसारखे ठिपके आणि तळहात-तळपायांवर जाड खरखरीत गाठी असलेल्या रुग्णांचे निदान केले. त्वचेचा, मूत्राशयाचा आणि फुप्फुसाचा कर्करोग ही त्या वाटेवरील पुढची ठाणी होत. जादवपूर विद्यापीठाचे डॉ. दीपंकर चक्रवर्ती यांनी १९८८ पासून तीन दशके गावोगाव नमुने गोळा केले.

आर्सेनिकची क्षेत्रीय परीक्षा एकोणिसाव्या शतकातील विषप्रयोगांच्या तपासातून आलेली आहे. १८३६ मध्ये जेम्स मार्श याने दाखविले की जस्त आणि आम्ल यांतून निघणारा हायड्रोजन आर्सेनिकला वायुरूप देतो. आजच्या पेटीत हेच घडते : नमुन्यात जस्ताची भुकटी व आम्ल घालून बाटलीच्या तोंडाशी मर्क्युरिक ब्रोमाइड लावलेली कागदाची पट्टी बसवितात. निघालेला आर्सिन वायू पट्टीवर पिवळा, केशरी वा तपकिरी डाग उमटवितो. सडक्या अंड्याच्या वासाचा गंधकयुक्त वायूही पट्टी काळवंडवू शकतो, म्हणून त्याला वाटेत अडविण्याची योजना असते. पट्टी ओली होता कामा नये. आणि आर्सिन हा अत्यंत विषारी वायू असल्याने ही परीक्षा मोकळ्या हवेतच करावी. अंगणवाडीच्या बंद खोलीत मुलांसमोर प्रात्यक्षिक दाखविण्याचा मोह टाळावा.

बांगलादेशात २००० ते २००३ या काळात सुमारे पन्नास लाख नलिकाकूप अशा पेट्यांनी तपासले गेले. लिटरमागे ५० मायक्रोग्रॅम या तेथील राष्ट्रीय मर्यादेपेक्षा अधिक आर्सेनिक असलेल्या पंपाच्या तोंडाला लाल रंग आणि कमी असलेल्यास हिरवा. सुमारे चौदा लाख पंप लाल झाले. इतके प्रचंड काम प्रयोगशाळेच्या वाटेने होणे अशक्य होते. पण २००२ मध्येच जादवपूरच्या गटाने या पेट्यांच्या निकालांवर गंभीर शंका उपस्थित केल्या. हिरव्या रंगविलेल्या पंपांत विष आणि लाल पंपांत निर्दोष पाणी, अशी दोन्ही प्रकारची उदाहरणे त्यांनी प्रयोगशाळेतील मापनाशी ताडून पुढे मांडली. ज्या घराला 'हिरवा' सांगितला आणि जे त्या भरवशावर पुढची दहा वर्षे पाणी प्याले, त्या घराचा विचार केला तर या आक्षेपाचे वजन कळते.

दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. कोलंबिया विद्यापीठाच्या संशोधकांनी ढाक्याजवळील अरैहजार येथे दीर्घकाळ काम केले. त्यांनी २००५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पडताळणीत ७९९ कूपांपैकी ८८ टक्क्यांचे वर्गीकरण पेटीने बरोबर केले होते. चुकलेले बहुतेक मर्यादेच्या आसपासचे होते. पट्टी वीस मिनिटांऐवजी चाळीस मिनिटे ठेवावी, एवढ्या साध्या बदलाची शिफारस त्यांनी केली. याच भागातील दुसऱ्या अभ्यासात, आपला कूप असुरक्षित असल्याचे कळलेल्या कुटुंबांपैकी सुमारे साठ टक्के कुटुंबांनी वर्षभरात दुसऱ्या कूपावरून पाणी भरण्यास आरंभ केला. कोणतेही यंत्र न बसविता, केवळ माहिती दिल्याने!

हे शक्य झाले, कारण एक कूप दूषित असताना वीस-तीस पावलांवरचा दुसरा निर्दोष असू शकतो. आमच्या मते पेटीची खरी गरज येथेच सिद्ध होते. गावातून एक नमुना जिल्ह्याला पाठवून 'गावचे पाणी चांगले' असा दाखला आणणे हे शास्त्राला धरून नाही. प्रत्येक पंप, प्रत्येक विहीर वेगळी तपासावी लागते. प्रयोगशाळा इतक्या नमुन्यांचा भार पेलू शकत नाही, पेटी पेलते. पेटीने चाळावे आणि प्रयोगशाळेने ठरवावे, ही विभागणी आम्ही मान्य केली आहे. दर दहा नमुन्यांमागे एक आणि मर्यादेच्या सीमेवर रेंगाळणारा प्रत्येक नमुना प्रयोगशाळेत जावयास हवा.

महाराष्ट्रात आर्सेनिक हा फ्लोराइडइतका व्यापक प्रश्न नाही. तथापि गडचिरोलीच्या सीमेपलीकडे, छत्तीसगडच्या तत्कालीन राजनांदगाव जिल्ह्यातील कौडीकसा गावी १९९९ मध्ये खडकातून आलेले आर्सेनिक आढळले होते. राज्याची सीमा खडकाला ठाऊक नसते, हे ध्यानी ठेवून पूर्व विदर्भातील रुग्णांच्या तळहातांकडे आमच्या डॉक्टरांनी दोनदा पाहावे, अशी सूचना आहे.

नायट्रेटविषयी थोडक्यात. शेतातील युरिया आणि विहिरीलगतचे उकिरडे, गोठे व शोषखड्डे ही त्याची उगमस्थाने. मर्यादा लिटरमागे ४५ मिलिग्रॅम. अमेरिकेतील आयोवा प्रांतात हंटर कॉम्ली या डॉक्टरांनी १९४५ मध्ये शेतावरील विहिरीच्या पाण्यात कालविलेल्या दुधामुळे तान्ही मुले निळी पडल्याचे नोंदविले. नायट्रेटचे नायट्राइट होऊन ते रक्तातील प्राणवायू वाहून नेण्याची शक्ती हिरावते. सहा महिन्यांपर्यंत अंगावरचे दूध पाजणाऱ्या मातेचे बाळ या संकटापासून जवळजवळ पूर्ण सुरक्षित असते. वरचे दूध पाजावे लागणाऱ्या घरी मात्र विहिरीचे पाणी आधी तपासावे. पट्टी बुडविली की मिनिटभरात गुलाबी छटा दिसते, आणि ही परीक्षा सर्वांत सोपी होय.

पेटी काय सांगत नाही

घरोघरी शुद्धीकरण यंत्रे विकणारे प्रतिनिधी एक छोटे मापक पाण्यात बुडवून आकडा दाखवितात. काही जण पाण्यात दोन धातूच्या कांड्या सोडून वीज जोडतात आणि ग्लासातील पाणी क्षणात तांबूस-काळे होते. गृहिणी घाबरते आणि व्यवहार ठरतो. हे प्रात्यक्षिक दिशाभूल करणारे आहे. तो गाळ बहुतांशी लोखंडी कांडीच्याच झिजेचा असतो. पाण्यात निरुपद्रवी क्षार असले तरी तो तसाच दिसेल. मापकाचा आकडा हा विरघळलेल्या क्षारांचा ठोकळ अंदाज आहे. फ्लोराइड दोन मिलिग्रॅम असो वा शून्य, त्या आकड्यात दखल घेण्याजोगा फरक पडत नाही. कमी आकडा म्हणजे सुरक्षित पाणी, ही समजूत आमच्या अनुभवास वारंवार येते आणि सुशिक्षित घरांत ती अधिक आहे, हे खेदाने नमूद करतो.

आमच्या पेटीलाही मर्यादा आहेतच. शिसे, युरेनियम, कीटकनाशके यांचा अंदाज तिने येत नाही. जंतूंसाठी निराळी बाटली लागते. ग्वाल्हेरच्या संरक्षण संशोधन संस्थेतील शास्त्रज्ञांनी १९८२ मध्ये मांडलेल्या पद्धतीची ही बाटली, पाणी भरून एक-दोन दिवस उबेत ठेवल्यावर काळी पडली तर विष्ठेतील जंतूंची शंका घ्यावयाची. ओ.टी. चाचणी आपल्या ग्रामपंचायतींना परिचित आहे, पण तिचा पिवळा रंग पाण्यात क्लोरीन उरला आहे एवढेच सांगतो. 'ओ.टी. बरोबर आली' याचा अर्थ पाण्यात फ्लोराइड नाही असा होत नाही.

आणखी एक समज दूर करणे आवश्यक आहे. पाणी उकळल्याने जंतू मरतात; फ्लोराइड, आर्सेनिक व नायट्रेट मुळीच जात नाहीत. उलट वाफ निघून गेल्याने उरलेल्या पाण्यात त्यांचे प्रमाण किंचित वाढते. टी.सी.एल. टाकल्यानेही ते जात नाहीत, फडक्याने गाळल्यानेही नाहीत.

निकाल हाती आल्यावर

देणगीदारांपैकी काहींनी आम्हांस विचारले आहे की, पेट्यांवर आणि प्रशिक्षणावर खर्च करण्याऐवजी गावाला एक शुद्धीकरण यंत्रच का देऊ नये? प्रश्न रास्त आहे. यंत्राच्या कोनशिलेवर नाव लागते, पेटीवर लागत नाही, हे आम्ही जाणतो. परंतु यंत्राच्या गाळणीची क्षमता संपल्यावरही त्यातून पाणी येतच राहते, तितकेच स्वच्छ दिसणारे. ते निकामी झाल्याचे पेटीवाचून कळत नाही. शिवाय अनेक गावांत शेजारचा आड, पावसाचे साठविलेले पाणी किंवा नळयोजना असा निर्दोष स्रोत आधीच असतो. फक्त तो कोणता हे ठाऊक नसते. यास्तव आधी पेटी, मग यंत्र, हा क्रम आम्ही सोडू इच्छित नाही.

तपासणी कोणी करावी याविषयी शासनाचे धोरणही आता स्पष्ट आहे. १५ ऑगस्ट २०१९ रोजी घोषित झालेल्या जल जीवन मिशनमध्ये प्रत्येक गावातील पाच महिलांना या पेटीचे प्रशिक्षण देण्याची तरतूद करण्यात आली. महाराष्ट्रात ग्रामपंचायतीचे जलसुरक्षक आणि जिल्हा प्रयोगशाळा ही व्यवस्था त्यापूर्वीपासून आहे, तसेच स्रोतांच्या स्वच्छता सर्वेक्षणावरून गावांना लाल, पिवळे व हिरवे कार्ड देण्याची पद्धतही. रुग्णालयाने समांतर यंत्रणा उभारणे उचित नाही. आशा स्वयंसेविका, अंगणवाडी सेविका आणि जलसुरक्षक यांच्या हातांना सराव देणे, ज्ञात प्रमाणाची द्रावणे पुरविणे आणि संशयित नमुने प्रयोगशाळेपर्यंत पोहोचविणे, एवढेच आमचे काम.

कठीण भाग रसायनशास्त्राचा नाही. एखाद्या पंपावर लाल खूण केली की तो ज्याच्या दाराशी आहे तो रुष्ट होतो. शेजारचा हिरवा पंप खासगी असेल तर तेथे सर्वांना भांडे लावू दिले जाईलच असे नाही. आपल्या गावांतील जुने भेद पाण्याच्या काठावर सर्वाधिक टोकदार होतात. 'फ्लोराइडचे गाव' असा शिक्का बसला तर मुलामुलींची लग्ने अडतील, ही भीतीही खरी आहे. म्हणून निकाल प्रथम महिलांच्या बैठकीत, पर्यायी स्रोताच्या नावासह सांगावा, ग्रामसभेत नंतर यावा, आणि खूण गावावर नव्हे तर त्या एका पंपावर असावी. पंप बंद करण्याची घाई करू नये. धुणे, भांडी, गुरे यांसाठी ते पाणी वापरता येते. पिण्याच्या व स्वयंपाकाच्या हंड्यापुरता बदल पुरतो. पर्यायी स्रोत उघडी विहीर असेल तर तिचे निर्जंतुकीकरण चुकवून चालणार नाही, अन्यथा फ्लोराइड टाळताना अतिसार घरात येईल.

आमच्या स्वतःच्या छताखालीही हीच शिस्त लागू आहे. डायलिसिसच्या एका सत्रात रुग्णाच्या रक्ताशेजारून सुमारे १२० लिटर पाणी केवळ एका पातळ पटलाच्या आडून वाहते. १९९३ मध्ये शिकागोतील एका डायलिसिस केंद्रात शुद्धीकरण यंत्रणेची क्षमता संपल्याने पाण्यात फ्लोराइड उतरले आणि तीन रुग्ण दगावले. तेथेही पाणी दिसायला स्वच्छच होते. पाण्यातील एकूण क्लोरीन लिटरमागे ०.१ मिलिग्रॅमच्या आत आहे की नाही, हे प्रत्येक पाळीपूर्वी तपासून नोंदवहीत लिहिणे आवश्यक असते, आणि ती नोंदवही रुग्णांच्या नातेवाइकांनी पाहण्यास मागितल्यास दाखविली जावी असा आमचा आग्रह आहे.

ज्यांना गावचे पाणी तपासून हवे असेल त्यांनी प्रयोगशाळेच्या खिडकीवरून रिकामी बाटली न्यावी. पावसाळ्यापूर्वी, भूजल सर्वांत खोल गेलेले असताना एकदा आणि पावसाळ्यानंतर एकदा असे दोन नमुने आणावेत. दोहोंचे आकडे वेगळे येऊ शकतात. वापरलेल्या आर्सेनिक पट्ट्यांत पारा असतो, त्या चुलीत वा उकिरड्यावर न टाकता बरणीत बंद करून आमच्याकडे परत द्याव्यात.